फिनिश जोडशब्द फोडायचा कसा? आपल्या फ्रिजपासून सुरू करू

मी सध्या भांडुप ते सीएसएमटी लोकलमध्ये उभ्याउभ्या फिनिश शिकतोय, का ते विचारू नका. यांचे शब्द मालगाडीएवढे लांब असतात पण घाबरायचं नाही, शाळेत समासाचा विग्रह करायचो ना, तेच करायचं.

फ्रिजला ते यॅकाप्पी म्हणतात. आधी स्वर बघा. आ, ओ, उ ही एक टोळी, ॲ वगैरे दुसरी, आणि अस्सल फिनिश साध्या शब्दात या दोन टोळ्या एकत्र बसत नाहीत. यॅकाप्पीत दोन्ही दिसतात म्हणजे मध्ये जोड आहे, तिथेच तोडा. यॅ म्हणजे बर्फ, काप्पी म्हणजे कपाट. विजेचे फ्रिज यायच्या आधी खरंच कपाटात बर्फ ठेवायचे, तिकडे हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यातून कापून भुशात जपलेला (आपल्या मुंबईत १९व्या शतकात बर्फ अमेरिकेतून जहाजाने यायचा, बोला!). आपलं शीतकपाट जवळपास तेच, फक्त ते कोणी बोलत नाही, यांचं रोज बोलतात.

आता एकेका तुकड्याचं मूळ वेगवेगळं शोधायचं, इथेच खरी मजा. यॅ खूप जुना, हंगेरियनमधला येग त्याचाच भाऊबंद. काप्पी मात्र स्वीडिश स्कोपवरून घेतलेला. जुन्या फिनिशला शब्दाच्या सुरुवातीला जोडाक्षर झेपायचं नाही म्हणून स गळाला, आमची आजी स्टेशनला टेसन म्हणायची त्यातलाच प्रकार, तिनेही सुरुवातीचा स च गिळला.

फ्रिजचं दार म्हणजे यॅकापिनओवी. मधला न हा षष्ठीचा प्रत्यय, तो गेलाच नाही, म्हणजे आपला अलुक् तत्पुरुष, युधिष्ठिरवाला!

स्वरांची ट्रिक दरवेळी चालत नाही हं. रौतातिएआसेमा घ्या, आ, उ एकाच टोळीतले आणि इ, ए दोन्ही टोळ्यांशी जमवून घेणारे, इथे अर्थावरूनच तोडावं लागतं: रौता लोखंड, तिए रस्ता, आसेमा स्टेशन. लोहमार्गाचं स्टेशन, झालं की!

आणि नीट तुटला म्हणून लगेच खूश होऊ नका. ड्रॅगनला म्हणतात लोहिकॅर्मे, लोहि म्हणजे सॅमन मासा, कॅर्मे म्हणजे साप. मी आठवडाभर सगळ्यांना सॅमन-साप सांगत फिरलो. प्रत्यक्षात हा लोहि जुन्या स्वीडिशमधल्या उडत्या ड्रॅगनच्या शब्दातला 'उडता' आहे, ऐकून ऐकून त्याचा मासा झाला. फिनलंडच्या भाषा संस्थेचा व्युत्पत्तीकोश ऑनलाइन फुकट आहे, ग्रुपवर टाकायच्या आधी तिथे बघून घ्या.