मोत्यांची माळ घ्यायला निघण्याआधी

सगळ्यात आधी कपाट उघडा, मोत्याच्या कुड्या काढा आणि डबीसकट पर्समध्ये टाका. पैसे, कार्ड वगैरे मी सांगायला नको. कुड्या मात्र सांगायलाच हव्यात, कारण मागच्या खेपेला मी बाकी सगळं नेलं आणि तेवढ्याच घरी राहिल्या. जुने मोती वापरून वापरून सायीच्या रंगावर गेलेले असतात. दुकानातली नवी माळ पांढरीफटक, नाहीतर गुलाबी झाकेची. ‘पांढऱ्यात काय जुळवायचंय’ म्हणून घेतलेली माळ शेजारी ठेवली की कुड्या मळक्या दिसतात आणि माळ प्लास्टिकची. फोटो चालेल का? नाही चालत, मोबाइल स्वतःच्या मर्जीने रंग बदलतो. कुड्याच घ्या. नथ असेल तर नथ, तन्मणीचं खोड, म्हणजे मधलं पदक, असेल तर ते. ज्याच्याबरोबर माळ घालायची, तेच बरोबर हवं.

जायचं दिवसा. संध्याकाळी सहानंतर गेलात तर रंग तुम्ही नाही, दुकानातले दिवे ठरवतील. सोन्यावर पिवळा दिवा, मोत्यांवर पांढरा, आणि काउंटरवर काळा मखमली ट्रे. त्यावर कुठलाही मोती पाणीदार दिसतो. पांढरा कागद मागा, माळ त्यावर ठेवा आणि हळूच फिरवा. बरा मोती असेल तर खिडकीची कड त्यात रेखीव दिसते. नुसताच दुधी गोळा दिसला तर पाणी कमी. मग माळ आणि कुड्या दोन्ही घेऊन दारापाशी, उजेडात. सेल्समन नाक मुरडतो, मुरडू द्या.

काय घ्यायचं ते घरीच ठरवा. आज बाजारात दिसतात ते बहुतेक चीनमधल्या गोड्या पाण्यातले, शेती करून काढलेले मोती. त्यात कमीपणा काही नाही. जपानी अकोया साधारण 6 ते 8 मिलिमीटरचे, जास्त गोल, जास्त महाग. साउथ सी त्याहून मोठे, आणि किंमत ऐकून चहा मागवावासा वाटतो. बसरा म्हणजे आखातातले नैसर्गिक मोती. साध्या भावात कुणी ‘बसरा’ म्हणून काढून दाखवला, तर गोष्ट ऐका आणि पुढे चला. नैसर्गिक की शेतीतला हे डोळ्यांनी कळत नाही, त्याला प्रयोगशाळेत एक्स-रे लागतो. आणि ‘साउथ सी शेल पर्ल’ असं काही लिहिलं असेल तर ‘शेल’ या शब्दावर थांबा: शिंपल्याच्या मण्यावर लेप देऊन केलेला तो नकली मोती आहे. खोटं बोलत नाहीत ते, नुसतं लांबलचक नाव सांगतात.

दाताची परीक्षा सगळ्यांना माहीत असते. समोरच्या दाताच्या कडेवर हलकेच घासलं की खरा मोती किंचित खरखरीत लागतो, नकली गुळगुळीत. पण शेतीतला आणि नैसर्गिक, दोन्ही खरखरीतच लागतात, त्यामुळे त्यावर ‘बसरा’ सिद्ध होत नाही. मला जास्त भरवसा वेजावर. मोत्याच्या भोकाशी भिंग धरून बघा: कड सोललेल्या रंगासारखी सुटत असेल तर नकली. वेजापाशी रंग गडद साचला असेल, किंवा आतला दोराच गुलाबी झाला असेल, तर मोती रंगवलेले आहेत. रंगवलेले मोती कुड्यांशी आज जुळतील, दोन वर्षांनी नाही. कुड्या आणल्यात ना?

लांबीसाठी ज्या ब्लाउजवर माळ घालायची तेच घालून जा. 16 इंची साधारण गळ्याच्या खळीशी बसते, 18 इंची गळ्याच्या हाडाच्या खाली. पण हे गळ्याच्या घेरावर आहे, म्हणून घरीच दोरा गळ्यात घालून मोजा. दोन पदरी घेणार असाल तर आतला पदर मोजा, बाहेरचा आपोआप सुटतो.

हैदराबादला सहलीत घेणाऱ्यांनी तर सगळं दुप्पट पाळा. तिथे मोती पिकत नाहीत. निवडणं, वेज पाडणं, ओवणं यात त्या गावाचा हात बसलेला. चारमिनारजवळ पत्थरगट्टीत दुकानं ओळीने आहेत, एका दुकानात भाव ऐकून चौथ्यात घ्या. रिक्षावाला ज्या दुकानात सोडतो तिथून मात्र घेऊ नका. आणि तिथून ‘घरी जाऊन कुड्यांशी लावून बघते’ असं म्हणता येत नाही. म्हणून बॅग भरताना साड्यांच्या आधी कुड्या.

बिल पक्कं. मोत्यांचा प्रकार, मापं, आणि हुकात सोनं असेल तर त्याचं वजन मोत्यांपासून वेगळं लिहून घ्या, नाहीतर मोती सोन्याच्या भावात जातात. हॉलमार्क सोन्याचा असतो, मोत्यांचा नव्हे. शिवाय 2 ग्रॅमच्या आतल्या दागिन्याला तो सक्तीचा नाही, तेव्हा हूक छोटा असेल तर शुद्धता बिलावर हवीच. बदलून देतात का, किती दिवसांत, तेही लिहून.

दोरा रेशमी, प्रत्येक मोत्यानंतर गाठ. तुटला तर एकच मोती पडतो. हूक एका हाताने लावून बघा.

घरी आल्यावर: अत्तर, स्प्रे आधी, माळ शेवटी. काढल्यावर मऊ फडक्याने पुसायची. टांगायची नाही, सुती कापडात आडवी. साबण नाही, लिंबू तर नाहीच. रोज घालत असाल तर वर्षा-दोन वर्षांनी परत गाठवून घ्या.