लाडवात खऱ्या कॅलरी किती? रेसिपीखालचे आकडे घरच्या घरी असे तपासा

सांगलीकडच्या घरात दाणे, गूळ आणि तासगावचे बेदाणे असतातच. त्यामुळे ‘बिनसाखरेचे हेल्दी लाडू’ अशी रेसिपी ऑनलाइन दिसली की लगेच करून बघितली जाते. समजा, तिच्याखाली लिहिलंय : 12 लाडू, एका लाडवात 75 कॅलरी, 10 ग्रॅम प्रथिने. लाडू झकास होतील, पण आकड्यांची झडती घ्यायला हवी.

आधी काटा काढा. निम्मा घोळ वाटीनंच होतो. परदेशी कप 240 मिलिलिटरचा, आपली आमटीची वाटी त्याहून बरीच लहान. रिकामं भांडं ठेवून काटा शून्यावर आणा आणि जिन्नस कच्चे असतानाच ग्रॅममध्ये मोजून लिहून ठेवा.

मग प्रत्येक जिन्नसाचा 100 ग्रॅममागचा आकडा शोधा. पाकिटातला माल असेल तर मागं छापलेला असतो. सुट्या मालासाठी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे 2017 चे अन्नघटकांचे तक्ते बघा. त्यांत ऊर्जा किलोज्यूलमध्ये दिली आहे. तिला 4.184 नं भागलं की किलोकॅलरी मिळते, आपण जिला नुसतं कॅलरी म्हणतो ती.

आता बेरीज. 200 ग्रॅम दाण्यांच्या सुमारे 1100, 150 ग्रॅम गुळाच्या 550, 50 ग्रॅम बेदाण्यांच्या 150 आणि दोन मोठे चमचे तुपाच्या 240. झाल्या 2040. बारा लाडू वळले तर एकात 170, म्हणजे सांगितलेल्याच्या दुपटीहून जास्त. गूळ घातला म्हणून कॅलरी पळून जात नाहीत, साखरेपेक्षा किंचितच कमी भरतात. प्रथिनांचं तर विचारूच नका. 200 ग्रॅम दाण्यांत ती 50 ग्रॅमच्या आसपास, गूळ-तुपातून जवळजवळ काहीच नाही. एका लाडवाला चारेक ग्रॅम येतात. दहा आले कुठून?

एवढा खटाटोप नको असेल तर सोपी चाचणी करा. रेसिपीतलेच आकडे घ्या : प्रथिने आणि कर्बोदके यांचे ग्रॅम गुणिले 4, स्निग्ध पदार्थांचे गुणिले 9. 8 ग्रॅम प्रथिने, 20 कर्बोदके, 10 स्निग्ध म्हटलं की 202 होतात. तिथं 110 छापलं असेल तर लिहिणाऱ्यानं स्वतःचीच बेरीज केलेली नाही. तंतुमय पदार्थांमुळे थोडा फरक पडतो, पण इतका नाही.

‘तेल गरजेनुसार’ दिसलं की सावध व्हा. एक मोठा चमचा तेल म्हणजे 120 कॅलरी, आणि कढईत ओतताना चमचा कोण मोजतं? करण्याआधी नि झाल्यावर तेलाची बाटली काट्यावर ठेवा; फरक म्हणजे वापरलेलं तेल. तळणीत मात्र हे चालत नाही, कारण कढईत उरलेलं तेलही वजा करावं लागतं.

सोयाबीनच्या वड्यांतही असाच घोळ होतो. 100 ग्रॅम कोरड्या वड्यांत 50 ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात. भिजून वजन दुपटी-तिपटीनं वाढतं, तरी आकडा कोरड्या मालाचाच लावला जातो.

अ‍ॅप वापरत असाल तर दुधाची नोंद उघडून बघा. बऱ्याच ठिकाणी ती अमेरिकेतल्या गाईच्या दुधाची असते, 100 ग्रॅमला साठेक कॅलरी. आपल्याकडचं म्हशीचं दूध शंभरीपार जातं. खीर करताना ही नोंद बदलून घ्या. आणि कुठं ‘172.4 कॅलरी’ असा दशांशापर्यंतचा आकडा दिसला तर 170 धरून पुढं चला. घरच्या काट्यावर आणि हातानं वळलेल्या लाडवात दशांश मोजता येत नाही.