कॅलरीची तूट दिसते पण वजन हलत नाही? तेलाची बाटली तोला
कॅलरी मोजायच्या ॲपमध्ये रोज 500 कॅलरीची तूट (खर्चापेक्षा कमी खाल्लेल्या कॅलरी) दिसते आणि वजनकाटा महिनाभर जागचा हलत नाही, तर आधी तेल तपासा.

1. फोडणीआधी तेलाची बाटली स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून आकडा लिहा.
2. भाजी झाली की पुन्हा ठेवा. जितके ग्रॅम कमी झाले, त्याला 9 ने गुणा (एक ग्रॅम तेलात साधारण 9 कॅलरी). त्या कॅलरी जेवणाऱ्यांत वाटा.

आमच्या घरी चौघांच्या वांग्याच्या भाजीला 'दोनच चमचे' तेल असायचं. काट्यावर निघालं 64 ग्रॅम! म्हणजे माणशी 144 कॅलरी, नुसत्या तेलाच्या. तर्री-पोह्यांचा हिशेब मात्र ठेल्यावर लागत नाही; मी तर्री अर्धीच घ्यायला लागलो. (पूर्ण सोडणं नागपुरात जमायचं नाही.)

फुटाळा तलावावर चालून आल्यावर घड्याळ 250 कॅलरी दाखवतं, त्या खाऊन भरू नका. तो आकडा अंदाजच असतो. शिवाय ॲपमध्ये रोजच्या हालचालीसाठी 'ॲक्टिव्ह' निवडलं असेल तर ते चालणं आधीच धरलेलं असतं.

डायबेटिसची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर जेवण कमी करण्याआधी डॉक्टरांना विचारा.