काळ्या ठशाची फुटलेली कड

साताऱ्यात घराच्या गच्चीवर मी सुती कापडावर लाकडी ठशांनी छपाई करते. काळ्या रंगासाठी गंजलेले खिळे गूळपाण्यात 15 ते 20 दिवस आंबवते आणि ते पाणी चिंचोक्याच्या पिठाच्या खळीने दाट करते. हिरड्यात भिजवलेल्या कापडावर त्याचा ठसा पडला की हिरड्यातील टॅनिन (तुरट द्रव्य) आणि लोह एकत्र येऊन काळा रंग उमटतो. गेल्या पावसाळ्यात मात्र कोयरीची नाजूक कड ओल्या कागदावरच्या शाईसारखी फुटू लागली.

आधी मी खळ आणखी दाट केली, तर ठशाच्या बारीक खाचा बुजल्या आणि पाने नुसती ठिपक्यांसारखी दिसू लागली. मग कोऱ्या कापडावर पाण्याचे थेंब टाकून पाहिले. काही थेंब लगेच जिरले, काही मोत्यासारखे तसेच राहिले; म्हणजे कापड गिरणीत लावलेली कांजी पुरती निघालेलीच नव्हती. शिवाय दमट हवेत हिरड्याचे कापड आतून ओले राहत होते, हे मला (आळसाने म्हणा) जाणवलेच नव्हते.

आता कापड धुण्याच्या सोड्यात तासभर उकळून, खळखळून धुऊन मगच हिरड्यात घालते, कडकडीत वाळवते आणि शिजवलेली खळ मलमलीतून दोनदा गाळते. लोखंडाचे पाणीही बेताचेच घेते, कारण लोह जास्त झाले की सूत कालांतराने कुजते. माझी एक जुनी ओढणी नेमकी काळ्या वेलावरच विरली आहे.