आधी दम, मग पाय: धावण्याने शरीरात काय बदलतं आणि पहिले बारा आठवडे कसे आखावेत

नियमित धावायला सुरुवात करून चार-पाच आठवडे झाले की बहुतेकांना अचानक हलकं वाटायला लागतं. धाप कमी लागते, नाडी पूर्वीइतकी पळत नाही आणि अजून दोन किलोमीटर सहज होतील असं वाटतं. अंतर वाढतं आणि नेमकी तेव्हाच नडगी दुखायला लागते. शरीराचे सगळे भाग एकाच वेगाने तयार होत नाहीत. रक्त एक-दोन आठवड्यांत बदलतं, स्नायूंना महिना-दीड महिना लागतो, कंडरा (स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या दोऱ्या) आणि हाडं मात्र कित्येक महिने घेतात. म्हणून वेळापत्रक आखताना दमाकडे बघायचं नाही, सर्वांत सावकाश तयार होणाऱ्या हाडांकडे बघायचं.

चाळिशी ओलांडली असेल आणि बरीच वर्षं व्यायाम झाला नसेल, किंवा हृदयविकार, रक्तदाब, मधुमेह असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. धावताना छातीत दडपण आलं, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा ठोके वेडेवाकडे पडू लागले, तर तिथेच थांबा आणि त्याच दिवशी तपासून घ्या.

पहिली दहा मिनिटं

धावायला लागलं की स्नायूंची ऑक्सिजनची गरज त्याच क्षणी वाढते, पण हृदय आणि श्वास तिथवर पोहोचायला दोन-तीन मिनिटं घेतात. मधली तूट स्नायू आपल्याजवळच्या क्रिएटिन फॉस्फेट या झटपट इंधनातून आणि ऑक्सिजनविना साखर मोडून भरून काढतात. सुरुवातच जोरात केली तर ही तूट मोठी होते. त्यात तयार झालेल्या आम्लाची आणि कार्बन डायऑक्साइडची विल्हेवाट लावण्यासाठी श्वास जोरात चालतो. निरोगी माणसाच्या फुफ्फुसांत त्या वेळी ऑक्सिजन पुरेसा असतो. धाप लागते ती मुख्यतः वाढलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकण्यासाठी.

म्हणून पाच मिनिटं झपझप चाला, पुढची पाच मिनिटं अगदी सावकाश धावा, मगच ठरलेला वेग धरा. ही दहा मिनिटं वाचवणारे लोक पहिल्याच किलोमीटरला थकतात आणि आपल्यात दमच नाही असं मानून बसतात.

शेवटही अचानक करू नका. धावताना पोटऱ्यांचे स्नायू आवळत-सुटत पायांतलं रक्त वर ढकलत असतात. एकदम उभं राहिलं की हा पंप बंद पडतो, रक्त पायांत साचतं आणि चक्कर येते. शेवटी पाच ते दहा मिनिटं चालत राहा.

हृदय आणि रक्त

विश्रांती घेताना हृदय मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त ढकलतं. ठोके ७० आणि प्रत्येक ठोक्याला ७० मिलिलिटर धरले तर हिशेब ४.९ लिटरवर येतो. कसलेल्या धावपटूचं हृदय तेवढंच काम ५० ठोक्यांत करतं, कारण त्याच्या एका ठोक्याला सुमारे १०० मिलिलिटर रक्त निघतं. कमाल ठोके सरावाने वाढत नाहीत, ते वयानुसार कमीच होत जातात. वाढतं ते एका ठोक्यातलं रक्त. त्यामुळे सराव नसलेल्या माणसाचं हृदय पूर्ण जोरात मिनिटाला २० लिटरच्या आसपास रक्त फिरवतं, तर अव्वल धावपटूंचं ३५ लिटर किंवा त्याहून अधिक.

यातला पहिला बदल रक्तद्रवाचा, म्हणजे रक्तातल्या पातळ भागाचा. तो एक-दोन आठवड्यांतच वाढतो, हृदय जास्त भरतं आणि ठोके कमी लागतात. लाल पेशींची एकूण संख्या त्यामानाने सावकाश वाढते. त्यामुळे या काळात केलेल्या तपासणीत हिमोग्लोबिन थोडं कमी दिसू शकतं. रक्त पातळ झाल्यामुळे असं दिसतं, पण तेवढ्यावर समाधान मानू नका. लोहाची खरी कमतरताही धावणाऱ्यांत आढळते, विशेषतः पाळी येणाऱ्या स्त्रियांमध्ये. फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं प्रथिन, तपासलं की फरक कळतो.

वेग कसा धरायचा

सुरुवातीचे सगळे दिवस इतक्या सावकाश धावा की धावता धावता पूर्ण वाक्यं बोलता आली पाहिजेत. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला तर वेग जास्त आहे.

नाडीवरून ठरवायचं असेल तर असा हिशेब करा. वय ४०, सकाळची विश्रांतीची नाडी ७०. कमाल ठोके अंदाजे २२० वजा ४०, म्हणजे १८०. त्यातून ७० वजा केले की ११० उरतात. या ११० चे ६० टक्के ६६ आणि ७० टक्के ७७. त्यांत ७० परत मिळवले की १३६ ते १४७ हा तुमचा सोपा पट्टा. पण २२० वजा वय हे सूत्र एखाद्याच्या बाबतीत १०-१२ ठोक्यांनी सहज चुकतं, त्यामुळे आकडा आणि बोलण्याची कसोटी जुळली नाही तर बोलण्याच्या कसोटीवर विश्वास ठेवा. बीटा-ब्लॉकर (रक्तदाब-हृदयविकारावरची, ठोके कमी करणारी) औषधं चालू असतील तर ठोके मुळातच दाबलेले असतात, तिथे हा हिशेब लागू पडत नाही.

मनगटी घड्याळ कधीकधी ठोक्यांऐवजी पावलंच मोजतं. सावकाश धावताना अचानक १६५-१७० दिसलं, तर थांबून मानेवरची नाडी लगेच १५ सेकंद मोजा आणि चारने गुणा. तेवढ्यात ठोके थोडे उतरतात हे लक्षात घेऊनही फरक मोठा दिसला तर घड्याळ सैल आहे. मनगटाच्या हाडाच्या दोन बोटं वर ते घट्ट बांधा.

स्नायूंच्या आत

१९६७ मध्ये अमेरिकन संशोधक जॉन होलोझी यांनी उंदरांना काही आठवडे फिरत्या पट्ट्यावर पळवलं. त्या उंदरांच्या पायांच्या स्नायूंत मायटोकाँड्रियातल्या, म्हणजे ऑक्सिजन वापरून ऊर्जा बनवणाऱ्या पेशींमधल्या सूक्ष्म भागांतल्या, विकरांची (एन्झाइम्सची) क्षमता दुपटीच्या घरात गेली. माणसातही असाच बदल होतो, शिवाय स्नायूंभोवती नव्या केशवाहिन्या फुटतात. मग त्याच वेगाला स्नायू चरबी जास्त जाळतात आणि साखर राखून ठेवतात. हे काम सावकाश, लांब धावण्यानेही भरपूर होतं, म्हणून सोपे दिवस वाया जात नाहीत.

ऑक्सिजनविना साखर मोडताना तयार होणाऱ्या लॅक्टेटमुळे पाय दुखतात, हा गैरसमज काढून टाका. ते विष नाही. हृदय आणि शेजारचे स्नायूतंतू ते इंधन म्हणून वापरतात आणि धावणं थांबल्यावर तासाभरात ते रक्तातून जवळजवळ पूर्ववत होतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात त्या ताणाखाली लांबणाऱ्या तंतूंना झालेल्या बारीक इजांमुळे. उतारावर धावल्यानंतर हा त्रास सर्वांत जास्त होतो. २४ ते ७२ तासांत तो कळसाला पोहोचतो आणि आपोआप ओसरतो.

पाय: इथे घाई करू नका

कंडरांना रक्तपुरवठा कमी असतो, त्यामुळे त्या सावकाश बळकट होतात. हाडांचं गणित आणखी वेगळं आहे. नव्या भाराखाली आलेल्या हाडातला जुना भाग आधी पोखरला जातो आणि मग तिथे नवं हाड भरतं. पोखरणं आठवड्यांत होतं, भरून पक्कं व्हायला महिने लागतात. मधल्या काळात ते हाड तात्पुरतं कमजोर असतं आणि नेमका तोच काळ दम वाढल्याचा असतो. नडगीला आणि पावलाच्या हाडांना तडे जातात ते बहुधा अशाच वेळी.

आठवड्यातून तीनच दिवस, एकाआड एक धावा. दरवेळी आधीची दहा आणि नंतरची पाच मिनिटं वेगळी. पहिले दोन आठवडे १ मिनिट धावणं आणि २ मिनिटं चालणं, असं १० वेळा. तिसऱ्या आठवड्यात २ आणि २, ७ वेळा. चौथा आठवडा मुद्दाम हलका ठेवा, पुन्हा पहिल्यासारखाच. पाचव्यात ३ आणि २, ६ वेळा. सहाव्यात ४ आणि १, ५ वेळा. सातव्यात ५ आणि १, ५ वेळा. आठवा पुन्हा हलका: ३ आणि २, ५ वेळा. नवव्यात १० मिनिटं धावून १ मिनिट चालणं, ३ वेळा. दहाव्यात १५ मिनिटांचे दोन तुकडे, अकराव्यात सलग ३० मिनिटं, बारावा पुन्हा हलका: सलग २०. जोरात धावण्याचे तुकडे तेराव्या आठवड्याआधी नकोत, आणि नंतरही आठवड्यातून एकच दिवस: २ मिनिटं जोरात, २ मिनिटं चालणं, ४ वेळा. हलके आठवडे गाळण्याचा मोह सगळ्यांना होतो. हाड भरून यायला तेवढीच उसंत मिळते, ती काढून घेऊ नका.

न धावण्याच्या दोन दिवशी पायरीच्या कडेवर चवडे टेकवून टाचा उचला: ३ सेकंदांत वर, ३ सेकंदांत खाली, १२ वेळा, असे ३ फेरे. भिंतीचा आधार चालेल. आधी दोन्ही पायांवर, सहा आठवड्यांनी एकेका पायावर.

दुखणं ओळखायला शिका. नडगीच्या आतल्या कडेला लांबवर पसरलेला ठणका, जो अंग गरम झाल्यावर कमी होतो, तो भार निम्मा करून बघण्याजोगा आहे. पण एका बोटाने नेमकी जागा दाखवता येते, दाबल्यावर कळ येते, त्या पायावर उडी मारली की किंवा रात्री पडल्यावरही दुखतं, तर धावणं बंद. साध्या एक्स-रेमध्ये असा तडा पहिल्या आठवड्यांत बऱ्याचदा दिसत नाही, त्यामुळे एक्स-रे स्वच्छ आला म्हणून लगेच परत पळू नका.

पाणी आणि इंधन

स्नायू आणि यकृत मिळून ४०० ते ५०० ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, बाळगतात. जोरात धावलं तर ते दीड-दोन तास पुरतं. एक तासापर्यंतच्या धावण्यात वेगळं काही खायची गरज नाही. त्याहून लांब जायचं असेल तर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं घ्या, आणि ती भूक लागण्याआधीच सुरू करा.

स्नायू जी ऊर्जा खर्च करतात तिचा तीन-चतुर्थांशहून जास्त भाग उष्णता होतो आणि ती मुख्यतः घाम वाळण्यातून बाहेर पडते. किती घाम जातो ते मोजा: धावण्याआधी आणि नंतर अंग पुसून वजन करा. एक किलो घट म्हणजे साधारण एक लिटर, त्यात वाटेत प्यायलेलं पाणी मिळवा. वजन उलट वाढलं असेल तर तुम्ही गरजेपेक्षा जास्त पाणी पिताय. त्याने रक्तातलं सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकतं. उकाडा सुरू झाला की शरीराला १० ते १४ दिवस जुळवून घ्यायला द्या. त्या काळात ठोके जास्तच राहतील, म्हणून वेग कमी करा.

खंड पडला तर

१९६६ मध्ये अमेरिकेतल्या डॅलस इथे एका प्रयोगात पाच तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवलं होतं. त्यांची कमाल ऑक्सिजन वापरण्याची क्षमता सुमारे २७ टक्क्यांनी घसरली. तीस वर्षांनी त्यांनाच पुन्हा तपासलं, तेव्हा वयामुळे झालेली घट त्या तीन आठवड्यांइतकी नव्हती. दम असा लवकर जातो, पण सरावाने परतही लवकर येतो.

रोज सकाळी उठण्याआधी पूर्ण मिनिटभर नाडी मोजून लिहून ठेवा. ती नेहमीपेक्षा ७-८ ने जास्त असेल तर झोप अपुरी झालीय, थकवा साचलाय किंवा आजारपण येतंय. त्या दिवशी फक्त चाला. ताप असेल तर तेही नको. आठवडाभराचा खंड असेल तर ज्या आठवड्यावर होतात त्याच्या एक आठवडा मागून सुरू करा, दोन आठवड्यांचा असेल तर तीन आठवडे मागून. महिना उलटला असेल तर पहिल्यापासून, मग दम कितीही शिल्लक वाटत असला तरी.