स्टोअरची वही बंद करण्यापूर्वी

सयाजीराव महाराजांनी सक्तीचे प्राथमिक शिक्षण १८९३ साली आधी अमरेली तालुक्यात सुरू केले आणि तेथील अनुभव गाठीशी आल्यावर १९०६ साली ते संपूर्ण बडोदे संस्थानात लागू केले. कारखान्यात नवी कार्यपद्धती आणणाऱ्या व्यवस्थापकाने हाच क्रम ठेवावा, असे मी आग्रहाने सांगेन. आधी एकच विभाग निवडावा आणि तेथे घडी बसल्यावरच पुढच्या विभागाला हात घालावा.

विभाग ठरला की काहीही न बदलता जुने काम शेजारी बसून पाहावे. बडोद्याच्या मकरपुरा या औद्योगिक भागातील एका कारखान्यात स्टोअरच्या, म्हणजे मालाच्या कोठाराच्या, नोंदी वहीतून संगणकावर नेण्याचे काम माझ्याकडे होते. तेथे वही लिहिणारे काका काही नोंदींपुढे, वहीच्या समासात, शिसपेन्सिलीने बारीक फुली करीत. मी ती खाडाखोड समजून सोडून दिली. पुढे न तपासलेले बेअरिंग थेट मशीनवर गेले तेव्हा कळले, की फुली म्हणजे ‘तपासणी बाकी, माल देऊ नये’, आणि नव्या प्रणालीत त्यासाठी रकानाच नव्हता. काकांना एकदा विचारले असते तर हे टळले असते. आम्ही रकाना वाढवला आणि इतरांना शिकवण्याचे काम काकांकडेच सोपवले. त्यांनी गुजरातीतून समजावलेले कामगारांना माझ्या छापील सूचनांपेक्षा लवकर उमगले.

बदलाचा लाभ सांगताना ‘कार्यक्षमता वाढेल’ असे मोघम बोलू नये. साठा जुळवण्यासाठी शिफ्ट सुटल्यावर रोज थांबावे लागते, ते थांबणे संपेल, असे सांगावे. आणि त्यामुळे ओव्हरटाइम कमी होणार असेल तर तेही आपणच आधी सांगावे, कारण ही गोष्ट चहाच्या टपरीवर कळली की पुढचे कोणतेही आश्वासन कुणी खरे मानत नाही.

वही आणि संगणक काही दिवस जोडीने चालू द्यावेत, परंतु वही बंद करण्याची तारीख पहिल्याच दिवशी जाहीर करावी. त्या तारखेनंतर, वरिष्ठांचा फोन आला तरी, व्यवस्थापकाने ‘जरा वहीत बघून सांगा’ असे म्हणू नये. पहिले काही आठवडे दर शनिवारी साठ्याची प्रत्यक्ष मोजणी स्वतः उभे राहून करावी आणि फरक निघाल्यास नोंद करणाऱ्याला सोबत घेऊन त्याच दिवशी त्याचा माग काढावा.