घरी टी-शर्ट शिवताना बाही कोणती घ्यावी?

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून आणा की मडगावच्या दुकानातून, सुती होजियरी, म्हणजे टी-शर्टचं ताणणारं विणलेलं कापड, कातरण्याआधी धुवून घ्यावी. हे कापड लांबीत जास्त आटतं. न धुता शिवलं तर पहिल्याच धुण्यात बाही आखूड होते. पावसाळ्यात वाळायला दोन दिवस लागले तरी थांबावं.

बाही ठरवताना आधी काखेचा विचार करावा. आपल्या दमट हवेत घाम तिथेच साचतो, म्हणून बरेचजण मुंढा, म्हणजे बाही जोडायचा अंगाचा गोल काप, खोल कापतात. इथेच चुकतं. मुंढा जितका खाली, तितका हात उचलल्यावर अख्खा टी-शर्ट वर ओढला जातो. काखेपासून साधारण २ सेंमी खाली पुरे. मोकळेपणा हवा तर बाहीच्या घेरात द्यावा.

पहिलाच टी-शर्ट असेल तर उतरत्या खांद्याची बाही घ्या, म्हणजे जिची शिलाई खांद्याखाली दंडावर येते. खांदा ५ सेंमी लांबवला तर बाहीची लांबी तेवढीच कमी करा. तिचा माथा, म्हणजे वरची गोलाईची कड, जवळजवळ सपाट असतो, त्यामुळे साध्या सरळ टाक्याच्या मशीनवरही जमते. काखेत थोडं कापड गोळा होतं, म्हणून कापड पातळ निवडा.

अंगाबरोबर बसणारी हवी तर नेहमीची मुंढ्याची बाही. बाहीच्या माथ्याची आणि मुंढ्याची शिलाईची रेघ टेपने मोजा. फरक १ सेंमीच्या आत हवा. ब्लाउजच्या बाहीसारखा माथा मोठा ठेवला तर होजियरीत चुण्या पडतात. बाजूची शिलाई मारण्याआधीच, कापड सपाट असताना बाही जोडा. लांब असलेली कड खाली ठेवा, कापड पुढे सरकवणारे मशीनचे खालचे दात ती आपोआप सामावून घेतात.

रॅग्लन बाही, म्हणजे गळ्यापासून काखेपर्यंत तिरकी शिलाई असलेली, खेळणाऱ्या मुलांसाठी उत्तम. पण तिची पुढची कड मागच्या कडेपेक्षा आखूड असते. कातरतानाच पुढच्या कडेला एक आणि मागच्या कडेला दोन खुणा करा. अदलाबदल झाली तर गळा पिरगळतो. तिरक्या कडा ताणल्या जातात, म्हणून जोडताना टाचण्या जवळजवळ लावा.

कुठलीही बाही असो, कापड ज्या दिशेला जास्त ताणतं ती दिशा दंडाभोवती आडवी यायला हवी. सुई बॉलपॉइंट (गोलसर टोकाची), ७५/११ नंबरची. टाका अरुंद झिगझॅग. मशीन सरळ टाक्याचंच असेल तर २ मिमीचा टाका ठेवून कापड अगदी हलकं ताणत शिवा, नाहीतर अंगात घालताना दोरा तुटतो. शेवटी २.५ सेंमी दुमड. ती मात्र मुळीच न ताणता शिवावी, नाहीतर कड लहरीसारखी होते. तशी झालीच तर ओलसर कापड ठेवून इस्त्री दाबा, बरीचशी बसते.